लॉकचं नोझल

आबा,

मी लॉकचं नोझल आणलं. हे वाचून तुमच्या कपाळाला पडलेल्या आठ्या मला इथूनही दिसतायत. तुमच्या वेळी आपल्याकडं असलं काही मिळत नव्हतं, म्हणून आधी ते काय असतं ते सांगते. हवेच्या नळीच्या तोंडाला आपलं साधं नोझल असायचं. ते टायरमध्ये हवा घेणाऱ्या वॉलवर अंगठ्यानं दाबायचं आणि हवा भरेपर्यंत दाबून बसायचं. हात जरा सैल पडला की फस्सकन सगळी हवा बाहेर. या नव्या नोझलला मागं एक खटका असतो. वॉलवर बसवायचं, खटका पाडायचा, की आतले जबडे वॉलचे आटे पकडून ठेवतात. मग हात सोडा, लांब उभं राहा, मीटरकडं बघा, चहा प्या. ते आपलं आपण धरून बसतं. ‘उंटावरनं शेळ्या हाकतीस व्हय गं?’ असं म्हणून तुम्ही समोरच्या ट्रकवाल्याकडं बघत हसला असता. हसा. पण माझं सगळं ऐकून घेतल्यावर हसा.

माझा उजवा हात बिघडलाय. सकाळी उठलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं आपली वाटतच नाहीत. मुंग्या येतात, आणि नोझल दाबायला गेलं की मनगटातून कोपरापर्यंत कळ जाते. दौंडला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मनगटात नस दाबली गेली आहे, वर्षानुवर्षं एकच काम केलं की असं होतं. दाबायचं, पिळायचं, रेटायचं काम बंद करा, नाहीतर ऑपरेशनची वेळ येईल. मी म्हटलं, डॉक्टर, माझा धंदाच दाबण्याचा आहे. ते हसले. तुमचे जावई नाही हसले. दवाखान्यातून बाहेर पडल्यापासून ह्यांचा एकच धोशा, “बंद कर ते दुकान. पोरगं कमावतंय, वावरात ऊस हाय, कशाला पायजे हवा न् बिवा?” पोरगा रांजणगावला कंपनीत आहे. त्यानंही फोनवर बापाचीच री ओढली.

आबा, ह्यांच्या वावराच्या कडेला, पाटसच्या रस्त्याला मी पत्र्याचं शेड घातलं, तेव्हा तुम्ही जाऊन बरेच दिवस झाले होते. पहिल्या सीझनला ट्रॅक्टरवाले थांबायचे, आत डोकावायचे आणि विचारायचे, “मालक कुठं गेलं?” मी म्हणायची, मालक वावरात पाणी धरतायत, हवा मी भरते, ट्रॉली अजून पुढं घ्या. काही जण तसेच निघून जायचे. आता कारखान्याचं गाळप सुरू झालं की त्याच ड्रायव्हरांची पोरं ट्रॅक्टर घेऊन येतात आणि एकमेकांना पत्ता सांगताना ‘ताईच्या हवेपाशी’ म्हणतात. घरात मला सुख आहे, तक्रार नाही. पण घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई, कुणाची तरी काकू. त्या शेडमध्ये मी कुणाचीच कुणी नसते, नुसती मी असते. ते बंद झालं तर माझं काय उरेल याची मला भीती वाटली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

हात वाचवायचा तर दाबणं थांबलं पाहिजे, आणि दाबणं थांबलं तर हवा कशी भरायची, इथंच घोडं पेंड खात होतं. मग एका टँकरवाल्याकडं हे नोझल पाहिलं. त्यानं ते स्वतःच लावलं आणि हात झटकत बाजूला झाला. मी बघतच राहिले. म्हटलं, हे मिळालं तर दुकान वाचलं. आणि त्याच क्षणी तुमचा शब्द आडवा आला.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? शिरूरचा बाजार होता. डेपोकडून मार्केट यार्डाला जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या दुकानापुढं गाड्यांची ही रांग. माझ्या हातात नळी येऊन थोडेच महिने झाले होते, बारावी होऊन मी घरी होते, आणि माझ्यासारखी शहाणी शिरूर-घोडनदीत दुसरी नाही अशी माझी पक्की खात्री होती. एका ट्रकचं मागचं चाक भरायला घेतलं. भरतंय, भरतंय, संपायचं नाव नाही. तिकडं सायकलवाले ओरडतायत. मी जुन्या ट्यूबची पट्टी घेतली, नोझल वॉलवर बसवलं आणि वरून पट्टी गच्च आवळली. सगळेच तसं करायचे, रस्त्यापलीकडच्या दुकानात तर पट्ट्यांचा झुबकाच टांगलेला असायचा. पट्टी बांधून मी सायकलीकडं वळले, तोवर तुम्ही आतून आलात. तुम्ही पट्टी अशी ओढलीत की नोझल उडून माझ्या पायापाशी पडलं. “कुनी बांधलं ह्ये?” मी म्हटलं, मी. “नळी हातात पायजे. हातात धरायची न्हाई तर भरू नगं. घरी जा आन् भाकऱ्या थाप.” ट्रकवाल्यांसमोर, सायकलवाल्यांसमोर, आणि ज्याच्यासमोर मी जरा मान वर करून चालायची त्या दादासमोर.

संध्याकाळी आई चुलीपुढं, मी पाटावर तोंड फुगवून. आई म्हणाली, “का बांधायचं न्हाई ते इचार की त्यास्नी.” मी विचारलं नाही. तुम्ही जेवायला बसलात, तुमच्या वाटीतलं दही माझ्या ताटात ओतलंत आणि पिठलं आळणी झालंय का गं, असं आईला विचारलंत. तुमची माफी मागायची पद्धत तीच होती, दही नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. कारण सांगायची मात्र पद्धतच नव्हती. टायरच्या बाबतीत तुम्ही मला शंभर गोष्टी शिकवल्यात आणि एकीचंही कारण सांगितलं नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं, की तुम्हाला तुमचंच खरं करायचं असतं.

म्हणून लॉकचं नोझल घ्यायला शिरूरलाच गेले. दौंडलाही मिळालं असतं, पण माहेरच्या बाजारात, तुमच्या नाकासमोर घ्यायचं होतं. स्पेअर पार्टचं ते जुनं दुकान आहे ना, ईदला ज्यांच्याकडून आपल्याला शिरखुर्मा यायचा ते, तिथं आता तुमच्या दोस्ताचा मुलगा बसतो. त्याच्याही दाढीत पांढरं आलंय. मी लॉकचं नोझल दाखव म्हटल्यावर तो म्हणाला, “ताई, कशाला पायजे? कारला, ट्रकला, का ट्रॅक्टरला?”

“सगळ्याला.”

“सगळ्याला एकच आसतंय व्हय? चप्पल तरी घेता का सगळ्या घराला एका मापाची?” असं म्हणून त्यानं काउंटरवर रांगच मांडली आणि एक तुटका वॉल पुढं सरकवला. “लावून बघा. घाई न्हाई.”

मग आमचं तासभर तेच चाललं. एक होतं फिरवून आटे बसवायचं. पक्कं होतं, पण दर चाकाला पिळत बसा, माझ्या मनगटाला ते कसं परवडणार? एक चिमट्याचं होतं. दाबलं की तोंड उघडायचं, सोडलं की स्प्रिंगनं वॉल धरायचं. हलकं, सोपं, डाव्या हातानंही जमत होतं. पण मी नळी जरा जोरात ओढली आणि ते निघून आलं. मी म्हटलं, ओढल्यावर निघतं ते लॉक कसलं? तो म्हणाला, “निघतंय ते बी कवा कवा बरं आसतंय, ताई.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग आतून हवा गळणारी आणि न गळणारी अशी दोन जातीची दाखवली; वॉलवर बसल्याशिवाय हवा सोडत नाही ते मी निवडलं, उगाच काँप्रेसर कशाला दमवायचा. शेवटी त्यानं खटक्याचं पितळी नोझल पुढं ठेवलं. नुसत्या मुठीनं खटका पाडायचा, अंगठ्याचं कामच नाही. मी लावलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही.

“ह्ये मगरीचं तोंड हाय,” तो म्हणाला. “सुटायचं न्हाई. काढताना तेवढा खटका अंगठ्यानं वर रेटायला लागतोय, बघा. आन् चालत्या चाकाला लावू नगा म्हंजी झालं.”

“चालत्या चाकाला कोण हवा भरतंय?” मी म्हटलं.

तो हसला, कागदात गुंडाळून देताना म्हणाला, “आबा आसतं तर ह्या नोझलासकट मला हाकाललं आसतं.” मी पण हसले. येताना एसटीत मांडीवर ते पुडकं धरून बसले होते. तुम्हाला हरवून चालल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

आणि सुरुवातीला खरंच हरवलं. ट्रॉलीची चाकं एकामागून एक, खटका पाडायचा, उठायचं, कमरेवर हात ठेवून मीटरकडं बघायचं. काढताना डाव्या हातानं खटका रेटायचा, सावकाश जमायचं. हाताची कळ कमी झाली. रात्रीची झोप लागायला लागली. ह्यांना मी मुद्दाम बोलावून दाखवलं. हे म्हणाले, “नव्याचं नऊ दिस,” पण दुकान बंद करायचा विषय चार दिवस काढला नाही. मला तेवढं पुरे होतं.

मग टायरगाडी आली. तुम्हाला माहीत आहेत त्या, बीडकडच्या ऊसतोडीच्या जोड्या घेऊन येतात, बैलगाडीला ट्रकची जुनी टायर बसवलेल्या. ऊस एवढा भरलेला की पुढं बैलांची नुसती शिंगं दिसतात. एक नवरा-बायको होते. नवरा पुढं कासरा धरून, बाई मागं वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची मोळी डोक्यावर घेऊन चालत. उजवं टायर बसलं होतं. बाई म्हणाली, “ताई, बिगीनं भरा वो, मागल्या गाड्या पुढं जात्याल आन् आमी कारखान्याच्या काट्यावर सांजपातुर उबं.” भरलेल्या गाडीचे बैल सोडता येत नाहीत हे तुम्हाला सांगायला नको. जू काढलं की ओझं मागं जाऊन गाडी उलाळ होते, धुऱ्या आभाळाकडं. म्हणून बैल जुंपलेलेच ठेवायचे, चाकाखाली दगड लावायचा आणि हवा भरायची, अशीच रीत. मी त्यांना दगड लावायला सांगितला, नोझल बसवलं, मुठीनं खटका पाडला आणि ऐटीत काँप्रेसरकडं आले. बाई चाकापाशी उकिडवी बसली. बिचारी सकाळपासून पहिल्यांदा टेकली असेल.

काँप्रेसरची टाकी भरली की तो मोठ्यांदा फुत्कारतो. ट्रॅक्टरला त्याचं काय? पण बैलांना ते नवीन होतं. आवाज झाला मात्र, दोन्ही बैल उधळले. दगड उडाला, चाक फिरलं, आणि वॉलबरोबर नोझल वर, त्याच्यामागं नळी चाकाभोवती. साधं नोझल असतं तर माझ्या हातातून सुटून फट्कन बाजूला पडलं असतं आणि गाडी दहा पावलं पुढं जाऊन थांबली असती. हे सुटलं नाही. नळी ताणली, तिचा जमिनीवर पडलेला वेढा आवळला आणि त्या वेढ्यात बाईचा पाय होता. ती पाठीवर पडली आणि चाकाकडं ओढली गेली. तिचा नवरा बैलांच्या वेसणींना लोंबकळला. बैल थांबले, पण थरथरत होते, एक पाय पुढं एक मागं. आणखी एक हिसका बसला असता तर तिचा पाय टायरखाली होता.

मी धावले. नोझल आता चाकाच्या वरच्या अंगाला गेलं होतं, उलटं. डाव्या हाताला नळीचा पीळ आडवा येत होता. मी उजवा अंगठा खटक्याखाली घातला आणि रेटला. आबा, अंगठा रेटेना. माझाच अंगठा, माझ्या डोळ्यांसमोर, मी सांगतेय आणि तो ऐकत नाही. बाई ओरडत होती, तिचा नवरा बैलांना “हो हो, माज्या राजा, हो” करत होता, आणि मी त्या पितळेच्या तुकड्याशी झटतेय. शेवटी पायातली चप्पल काढली, डाव्या हातानं खटक्यावर खालून हाणली आणि ते सुटलं. नळी सैल पडली. बाईनं पाय ओढून घेतला. घोट्याभोवती लाल वळ, गुडघा खरचटलेला, बाकी काही नाही. मी मातीतच बसले. मला हुंदका आला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा नोझलकडं, आणि म्हणाली, “काय वो ताई, आमच्या बैलास्नी दावं बांधून ठिवायचा इचार व्हता का काय?” आणि हसायला लागली. तिच्या जागी मी असते तर शिव्या घातल्या असत्या. मी तिच्या गुडघ्याला हळद लावली, साध्या नोझलनं टायर भरून दिलं, एका हातानं जमेना तेव्हा दोन्ही हातांनी दाबून, आणि त्या दोघांना चहा पाजून वाटेला लावलं.

हे वावरातून आले तोवर रस्त्यावरच्या कुणीतरी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. घरी आल्यावर मी चहा केला आणि कप ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी कप घेतलाच नाही, नुसते माझ्या हाताकडं बघत राहिले. म्हणाले, “तू बी डाव्या हातानंच दितीस की आता.”

मी म्हटलं, उजव्यात धरवत नाही, सांडतो.

“तुज्या आबांनी दिवाळसणाला मला टावेल-टोपी डाव्या हातानं दिलेली. नारळ बी डाव्याच हातानं.”

हे तुम्हाला कधी कळलं नसेल, आबा. पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो, चारचौघांत सासरा आहेर करतो, आणि तुम्ही तो डाव्या हातानं केलात. हे त्या रागात वर्षानुवर्षं होते. जावयाला कस्पटासमान समजतो तुझा बाप, असं मला कितीदा ऐकवलं, त्यावरून आमची भांडणं झाली, तुमच्या आजारपणात हे शिरूरला आले तेही उंबऱ्याशी बसून परत गेले. आणि त्या दिवशी कप तसाच माझ्या हातात ठेवून हे म्हणाले, “त्येंचा बी हात गेलेला आसंल गं. मला कसं कळलं न्हाई?” ह्यांचे डोळे भरून आले. ह्यांना रडताना मी फारसं पाहिलेलं नाही.

मग एकेक आठवत गेलं. सकाळी उठल्या उठल्या तुम्ही उजवा हात झटकायचात, पाणी उडवल्यासारखा. मला वाटायचं सवय आहे. तुमच्या सदऱ्याची बटणं आई लावायची. आम्ही भावंडं चिडवायचो, या वयात काय हे लाड. भाकरी दुधात कुस्करून द्यायलाही तुम्हाला आईच लागायची. आणि तो दिवस आठवला. दुकानापुढं टेम्पो उभा होता. तुम्ही नोझल लावलंत, हवा फुसफुसली, काढलंत, पुन्हा लावलंत, पुन्हा फुसफुसली. मग उठून उभे राहिलात आणि मला हाक मारलीत. “ये. आजपासनं नळी तुज्याकडं.” दादा तिथंच होता. त्याला नाही, मला! मी तो टेम्पो भरला आणि दुकानातून घरापर्यंत पळत गेले. आई भाकऱ्या करत होती, तिच्या गळ्यात पडून मी ओरडले, आबांनी नळी मला दिली. अख्ख्या शिरूरमध्ये कुठल्या बापानं आपल्या मुलीला हवेच्या दुकानात उभी केली होती तेव्हा? माझ्यात काहीतरी आहे हे तुम्हाला दिसलं, असं मी धरून चालले. लग्न होऊन इथं आले, शेड घातलं, लोकांच्या नजरा झेलल्या, ते सगळं त्या एका वाक्याच्या जोरावर.

आणि आता कळतंय की तुमचा अंगठा गेला होता.

मला राग आला, आबा. फार राग आला. दादा एसटी डेपोत चिकटायच्या खटपटीत होता, दुसरं कोण होतं? गरज पडली म्हणून जवळची काठी उचलावी तशी मला उचललीत? सांगायचं तरी. मी नाही म्हटलं असतं का? नळी घेऊन मी एवढी नाचले, तेव्हा तुम्ही नुसते बिडी ओढत बघत बसला होता. त्या रागात मी दोन दिवस शेड उघडलं नाही. ह्यांना वाटलं, बरं झालं, आपणहून बंद केलं.

तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसले होते, टायरगाड्या जात होत्या, आणि डोक्यात आलं, की ट्यूबची पट्टी तर तुमच्याकडंही होती. सगळा बाजार बांधत होता. पट्टी आवळायला अंगठा लागत नाही, दातांनीही आवळता येते. नोझल बांधून टाकलं असतं तर तुमचा तुम्हाला धंदा करता आला असता, कुणाच्या हाताची गरज नव्हती, माझ्या तर नव्हतीच. तुम्ही बांधलं नाहीत. मार्केट यार्डात तेव्हा कांद्याच्या बैलगाड्या येत होत्या. त्यातल्या एखादीला बांधलेली नळी तुम्ही पाहिली होती की काय, कुणाचा तरी पाय पाहिला होता की काय, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. पण बांधायचं नाही एवढं ठरवल्यावर तुमच्यापुढं दोनच वाटा होत्या, दुकान बंद करायचं नाहीतर नळी दुसऱ्याच्या हातात द्यायची. हे मला कळलं. त्यात गरज किती होती आणि माया किती, ते मात्र कळलं नाही.

शेड मी पुन्हा उघडलं. लॉकचं नोझल टाकून दिलेलं नाही, उगाच तुमची जीत नको. ट्रॅक्टर आला की ड्रायव्हरनं खाली उतरायचं, चावी माझ्याकडं द्यायची आणि नोझल निघेपर्यंत मागायची नाही. पोरं कुरकुरतात, पण देतात. बैलगाडीला मात्र साधं नोझल, आणि तेवढा वेळ काँप्रेसर बंद, टाकीतल्या हवेवर काम. दोन नळ्या झाल्या तेव्हा ह्यांनी भिंतीत दुसरी खुंटी ठोकून दिली. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते. राहिला प्रश्न एकच, की साधं नोझल दाबणार कोण.

मागच्या पंधरवड्यात ती बीडची बाई पुन्हा आली. मोकळी गाडी घेऊन कारखान्यावरून परतत होती, नवरा पुढं, ही मागं बसलेली. मी तिला हाक मारली. म्हटलं, ये, तुला हवा भरायला शिकवते. ती पदर खोचून आली. कोयता धरून धरून तिचा हात नुसता लाकूड झालाय. मी म्हटलं, अंगठा मागं ठेव, सरळ दाब, आवाज आला की समज वाकडं बसलंय. पहिल्यांदा फुसफुसलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा एकदम गप्प झालं आणि मीटरचा काटा चढायला लागला. तिनं वर बघितलं. काय तो चेहरा, आबा! “आवो, गप झालं की!” मग नवऱ्याला ओरडून सांगितलं, “बगा, म्या भरतिया!” दुसरं चाकही तिनंच भरलं, त्याला हात लावू दिला नाही. आता तिच्या टोळीतल्या गाड्या इथं थांबतात आणि ती खाली उतरून सगळ्यांच्या भरते, बाकीच्या बाया बघत उभ्या राहतात. त्या पहिल्या दिवशी जाताना म्हणाली, “ताई, आमाला कोन शिकवितंय वो कायबी? ऊस तोडा आन् मोळ्या वाहा. तुमी माज्यात काय बगितलं कुनास ठावं.”

हे पत्र डाव्या हातानं लिहायला बसले आहे, म्हणून अक्षर असं. ते टाकायला पेटी नाही आणि पाठवायला पत्ता नाही, तेव्हा तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही. माझा हात गेलाय म्हणून मी तिला बोलावलं होतं. ते तिला सांगणार होते, तोंडाशी आलंही होतं. पण तिचा तो चेहरा बघितला आणि मला सांगवलं नाही.